शंभराला दोन कमी

"फेक गं मिरेला, फेक!"

मी फेकला. बॉल बास्केटच्या कड्यावर क्षणभर रेंगाळला, जाऊ की नको असं करत आत पडला... आणि आमच्या बेंचवर असा काही ओरडा उठला, की मला वाटलं, मी जगच जिंकलं!

खुळी होते मी. सामना आम्ही केव्हाच जिंकला होता.

टुझलाच्या बास्केटबॉल संघात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. धाकटी मीच. मला कुणी सांगितलंच नव्हतं, की अठ्ठ्याण्णव झाले की आमच्याकडच्या मुलींच्या हाताला बॉल चटके देऊ लागतो. कारण संघाचा शंभरावा गुण जी करील, तिनं सगळ्यांचं तोंड गोड करायचं! म्हणून तर वेस्ना — आमची कप्तान — कड्याखाली एकटी मोकळी उभी असूनही तिनं बॉल माझ्याकडे टोलवला. आणि मी मेली मनात म्हणत होते, किती माया आहे हिची माझ्यावर!

"जिथं शंभर, तिथंच गोड," वेस्ना माझा घाम पुसत म्हणाली. "बस सुटायच्या आत. कोचबाई शंभराची वीस मिनिटं देतात. पंधरा जणांचं आण. आणि बिस्किटं आणलीस ना, तर सीमेवर उतरवून देऊ तुला."

आमची लीग सहा शेजारी देशांची. आईच्या लहानपणी म्हणे सगळा मिळून एकच देश होता. आता एका आठवड्याला इकडे, दुसऱ्या आठवड्याला तिकडे, आणि मधे सीमेवरची रांग. त्या दिवशी आम्ही समुद्रकाठच्या शिबेनिकला होतो. रविवारची संध्याकाळ, दुकानं बंद. दक्षिणेचा ओला वारा सुटलेला, पाऊस समुद्रावरून तिरका येत होता. दगडी पायऱ्या माशाच्या पाठीसारख्या निसरड्या झाल्या होत्या. मी धावत, घसरत, सावरत उतरत गेले... आणि खाली गल्लीच्या वळणावर एकच खिडकी पिवळी दिसली.

आत एक तरुण टेबलांवर खुर्च्या उलट्या रचत होता.

"बंद झालंय," तो पाठमोराच म्हणाला.

"दिवा चालू आहे."

"विझवायचा राहिलाय."

"मग मी ऐकायची राहिले, असं समजा."

तो वळला. आधी त्यानं माझ्या केसांतून नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ठिबकणारं पाणी पाहिलं, मग जाकिटाखालून डोकावणारी जर्सी पाहिली, मग गुडघे. आणि मग — डोळ्यांतच हसला.

"शंभर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"असल्या पावसात, अर्ध्या चड्डीत मिठाई घ्यायला येणारी मुलगी एक तर वेडी असते, नाही तर शंभरवाली."

"आणि दोन्ही असली तर?"

"तर बसा. टॉवेल आणतो."

त्याचं नाव मेर्सिम. दुकान त्याच्या आजोबांनी थाटलेलं. त्यांचं मूळ गाव तीन सीमांपलीकडे, गोराच्या डोंगरात. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची कढई पाठीला बांधून परमुलखात मिठाई विकायला उतरत आले. आजोबा उतरले ते या किनाऱ्याला लागले, एवढंच.

तो चिमट्यानं तुलुंबे उचलून डब्यात लावू लागला — बोटभर लांबीचे, तळून पाकात न्हालेले, दिव्याखाली मधासारखे चमकणारे. आतल्या स्वयंपाकघरात कुणी बाई भांडी घासता घासता गात होती. गोराच्या बोलीतलं गाणं. अर्धं कळलं, अर्धं नुसतंच आत उतरलं —

गेला दूर देशी बाई, उंबरा गं ओलांडून
दारीचा आलुबुखार दोनदा गेला फुलून...

"आई आहे," मेर्सिम म्हणाला. "राझिया. सगळी गल्ली काकू म्हणते. गाणं एकच येतं तिला, पण दिवसभर पुरवते."

डब्यात पंधरा झाले. त्यानं सोळावा ठेवला.

"आम्ही पंधराच आहोत. बारा मुली, दोन कोच आणि एक बसवाले इफेतकाका."

"हा तिचा, जिला सगळ्यांनी मिळून फसवलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं, मला फसवलं म्हणून?"

"शंभरावा गुण कुणी आपण होऊन करतं का?" त्यानं दोरीची गाठ मारली. त्या वेळी माझं ओलं बोट दोरीवर होतं — गाठ नीट बसावी म्हणून ठेवलेलं, दुसरं काही नाही — आणि ते सोडवायला त्यानं जरा जास्तच वेळ घेतला.

डब्यावर दुकानाचा नंबर छापलेला होता. सीमेच्या रांगेत मी मेसेज केला — 'तुलुंबे छान होते. कप्तानीनं चार खाल्ले.'

उत्तर लगेच आलं नाही. आलं ते पुढच्या शनिवारी, लुब्लियानाच्या सामन्यानंतर — 'सत्त्याहत्तर. तेवीस कमी.'

बस्स, एवढंच.

मग ते सुरूच झालं. आमचा कुठलाही सामना असो, मी बूट सोडायच्या आत फोन थरथरायचा. 'एकोणनव्वद. अकरा कमी. जरा मनावर घ्या.' मी लिहायची, 'साखर सांभाळून ठेवा.' पुढे 'घ्या'चं 'घे' झालं, 'ठेवा'चं 'ठेव' झालं. पॉडगोरिकाला आम्ही सपाटून हरलो, त्या दिवशी आलं, 'एक्कावन्न. कमी किती ते आज मोजत नाही.' त्या दिवशी मी बसच्या काचेला गाल टेकवून बराच वेळ बसले होते.

तो बाकी काही लिहायचा नाही. मीही नाही. कसं लिहावं? लोक 'आहे' ते सांगतात. आम्ही दोघं फक्त 'नाही' ते मोजत होतो. आणि मला त्या उण्याचीच गोडी लागली होती...

वर्ष गेलं. लीगमध्ये एका गावाला वर्षातून एकदाच पाहुणं जाता येतं. शिबेनिकचा दिवस आला. मी जर्सीला दोनदा इस्त्री केली — जर्सीला कुणी इस्त्री करतं का! — आणि आम्ही हरलो. चौसष्ट.

शंभर नाहीत, म्हणजे वीस मिनिटं नाहीत. बस थेट निघाली. दुकानाच्या गल्लीपाशी इफेतकाकांनी वळण घेतलं आणि मला तो दिसला. दारात उभा होता. हातात काहीतरी पांढरं, चौकोनी. मी काचेवर तळवा टेकला. काका, थांबवा — एवढे दोनच शब्द होते. पण मागे अकरा जणींनी विचारलं असतं, का गं? आणि माझ्याकडे 'का'चं उत्तर नव्हतं. म्हणजे... होतं. तेच तर उच्चारता येत नव्हतं.

गल्ली मागे गेली. फोन थरथरला. 'चौसष्ट. छत्तीस कमी.'

यंदा मार्चमध्ये पोलंडच्या एका क्लबनं मला दोन वर्षांसाठी बोलावलं. मी सही केली. आई रडली, कोचबाईंनी पाठ थोपटली. मेर्सिमला मात्र मी सांगितलं नाही. आमच्या आकड्यांच्या बोलीत त्याला शब्दच नव्हता.

शिबेनिकचा सामना एप्रिलमधल्या एका रविवारी, भर दुपारी होता. माझी या लीगमधली शेवटची फेरी. ठरवलं होतं — आज शंभर. आज वीस मिनिटं. आज सांगायचं.

आणि काय खेळलो आम्ही! हात लावू तिथं बॉल आत. अठ्ठ्याण्णव – एकाहत्तर. चौदा सेकंद उरले होते आणि बॉल माझ्या हातात होता. या खेपेला कुणी फसवून दिलेला नाही. मीच मागून घेतलेला.

"फेक!" बाजूनं वेस्ना ओरडली. तिला सारं ठाऊक होतं. दोन वर्षं माझ्या मागच्याच सीटवर बसून ती माझा फोन वाचत आली होती. "फेक ना गं, वाट कसली बघतेस!"

माझ्यासमोर यजमानांची कप्तान उभी होती. छत्तीस वर्षांची. घरच्या अंगणात तिचा हा शेवटचा सामना. सकाळीच तिला फुलं दिली होती. तिनं हात खाली सोडले होते. सामना ठरून गेला, की जिंकणाऱ्यानं बॉल हातात धरून वेळ जाऊ द्यायचा — ही आमच्याकडची रीत. पाहुण्यानं यजमानाच्या घरात वर आणखी दोन टाकायचे नाहीत. ती त्याच भरवशावर उभी होती. गळ्यात मुलाबाळांनी केलेले कागदी हार घालून प्रेक्षकही उठून टाळ्या वाजवत होते, तिच्यासाठी.

नऊ... आठ... कडं एवढं जवळ होतं, की फुंकर मारली असती तरी बॉल आत गेला असता. वीस मिनिटं तिथं लोंबकळत होती. दोन वर्षं तिथं लोंबकळत होती.

मी बॉल जमिनीवर आपटत उभी राहिले. एक. दोन. तीन. भोंगा वाजला.

यजमानांच्या कप्तानीनं मला मिठी मारली. कानात म्हणाली, "पोरी, मला वाटलं होतं तू टाकणार. डोळे तसे दिसत होते तुझे."

"टाकणारच होते," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

बाहेर बस सुरू झाली होती. इफेतकाका घड्याळ दाखवत होते, "चला गं बायांनो, सीमेवर रांग लागेल, मग माझ्या नावानं शंख कराल!" मुली चढत होत्या. मी पायरीवर एक पाय ठेवला... आणि काढला.

"कोचबाई, मला वीस मिनिटं हवीत."

कोचबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "शंभर झाले का?"

"नाही."

"मग?"

"मग... तरीही हवीत."

अकरा जणी, एक मदतनीस कोच, इफेतकाका — सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान पेटले. गेल्या वर्षी याच क्षणाला मी भ्याले होते. आता तो आला होता, आणि बघा, मी काही मेले नव्हते.

"अठरा घे," कोचबाई म्हणाल्या. "दोन कमी पडले ना!"

मागून जो हशा उठला, त्यानं मला पायऱ्यांवरून खाली ढकलत नेलं. "तुलुंबे विसरू नकोस!" वेस्ना खिडकीतून ओरडली. "नवरा विसरलीस तरी चालेल!"

ऊन लख्ख होतं. पायऱ्यांच्या फटींतून पिवळी रानफुलं उगवली होती. तो दारातच होता. फोन साखरेच्या बरणीला टेकवलेला, त्यावर आमचा सामना अजून उजळलेला.

"शंभर झाले नाहीत," मी धापा टाकत म्हणाले.

"बघितलं."

"मी फेकला नाही."

"तेही बघितलं. मग... कशाला आलीस?"

कुणीतरी समुद्राकडे खुर्ची ओढत होतं, तिचा आवाज आला.

"अशीच," मी म्हणाले. "कारण नाहीये काही. कारणाशिवाय आले."

त्यानं मान खाली घातली. कान लाल झाले होते त्याचे. मग फळीवरून एक पांढरा डबा काढून त्यानं माझ्यासमोर ठेवला. दोरी आधीच बांधलेली.

"हा कधी बांधलास? शंभर तर —"

"सकाळी. गेल्या वर्षीही सकाळीच बांधला होता. चौसष्ट झाल्यावर दारात घेऊन उभा राहिलो. म्हटलं, थांबेल बस."

"हाक का नाही मारलीस मूर्खा?"

"तू काच का नाही वाजवलीस?"

दोघंही हसलो, आणि हसता हसता मी सांगून टाकलं — पोलंड, सही, दोन वर्षं. त्याचं हसू मावळलं नाही. फक्त जागच्या जागी थांबलं, पाक थंड होताना थांबतो तसं.

"कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"मला दुकान सोडता येणार नाही, मिरेला. बाबा गेल्यापासून आई एकटी..."

"सोड म्हणाले का मी?"

"मग काय म्हणतेस?"

मी त्याचा हात धरला. पिठानं खरखरीत, वेलचीच्या वासाचा. "मी म्हणते, मोजत राहा."

आतून राझियाकाकू आल्या. ओले हात पदरासारख्या बांधलेल्या फडक्याला पुसत त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे.

"आमच्या डोंगरात बाप्ये परमुलखात जायचे आणि बाया वाट बघायच्या," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूनं बघितली, मी बघितली. आता तू बघ बाबा. कळू दे जरा बाप्यांनाही!" आणि माझ्या गालाला साखरेची बोटं लावून म्हणाल्या, "दार कुठं आहे ते ठाऊक झालंय ना तुला, पोरी?"

अठरातली सतरा मिनिटं संपली होती. तो बसपर्यंत आला. अकरा नाकं काचेला चिकटलेली बघून त्यानं मला जवळ घेतलं नाही. नुसता डबा देताना माझं बोट दोरीखाली धरून ठेवलं. त्या पहिल्या दिवसासारखं. जरा जास्तच वेळ.

बस हलली. मागे वळून पाहिलं, तर राझियाकाकू पेला घेऊन आल्या होत्या. निघालेल्या माणसाची वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून त्यांनी आमच्या मागे रस्त्यावर पाणी ओतलं. ओतता ओतता त्या गात होत्या. काच बंद होती, तरी मला ऐकू आलं. एकच अक्षर बदललं होतं —

गेली दूर देशी बाई, उंबरा गं ओलांडून...

सीमेवर लांब रांग होती. वेस्नानं डबा फोडला. हात चिकट, तोंडं गोड, बस गाण्यांनी दणाणलेली. माझ्या मांडीवर फोन थरथरला.

'अठ्ठ्याण्णव. आज काहीच कमी नाही.'

मी मान वर केली. पुढे इफेतकाका, कोच, मग मुली, सगळ्या जागच्या जागी. शेजारच्या रिकाम्या सीटवर डबा होता, त्यात तळाशी सोळावा तुलुंबा एकटाच उरलेला. बाहेर ऊन कलत होतं, रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पाकानं चिकटलेल्या बोटांनी मी लिहिलं —

'आहे. एक कमी.'