टोपलीतलं नाव

यातला एकही शब्द मी रचलेला नाही. रचलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं, ते डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस पुन्हा रचायला धजत नाही.

चार्ल्सटन, अमेरिकेच्या दक्षिणेतलं जुनं बंदर. तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. दुपारचे चार.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. लख्ख ऊन होतं... आणि भरतीचं पाणी गटारांतून वर येऊन रस्त्यावर आरशासारखं पसरलं होतं.

माझ्या वरच्या मजल्यावर रेनेटा मझिक राहायची, तिच्या इडेलामावशीसोबत. आम्ही तिघेही इथल्या गुलामांच्या वंशातले. मावशी दिवसभर सज्जात बसून गवताच्या टोपल्या विणायची. रेनेटा पर्यटकांना जुनं शहर दाखवायची. समुद्राकडची तटबंदी, तोफा, चर्चं, गुलामांचा बाजार. शेवटी वेदरली या गुलाममालक कुटुंबाच्या घराचं मागचं स्वयंपाकघर.

त्या स्वयंपाकघराच्या विटांत बोटांचे ठसे आहेत. ओल्या विटा उचलणाऱ्या गुलाम पोरांची बोटं. दोनशे वर्षांपूर्वीची, इवलीशी.

पर्यटक त्या खळग्यांत स्वतःची बोटं घालत, फोटो काढत आणि घड्याळ बघत.

"अगं, लोकांना तुझ्या विटा नकोत, मढं पाहिजे," घोडागाडीवाला बॉइड तिला चिडवायचा. त्याच्या गाडीला खेचर होतं. "तू बोलायला लागलीस की माझं खेचरसुद्धा जांभई देतं."

"तुझ्या गाडीत बसणाऱ्यांपेक्षा त्याला अक्कल जास्त आहे म्हणून," ती म्हणायची.

पण फेऱ्या चालवणाऱ्या मालकाने सांगितलं होतं, की महिनाभरात गर्दी वाढली नाही तर तिची फेरी बंद.

तेव्हा रेनेटाने गोष्ट रचली.

वेदरलींच्या स्वयंपाकिणीने मालकाच्या तीन लेकरांना दुधाच्या खिरीतून कण्हेर घातली. विटांवरचे ठसे त्या मेलेल्या लेकरांचे. गोष्टीला नाव हवं होतं. निनावी भुताला कोण भितं? चर्चमागच्या दफनभूमीत शेवाळलेला एक दगड होता. त्यावर एवढंच कोरलेलं... *डॉर्कस. स्वयंपाकीण. १८४३.*

तिने ते नाव उचललं.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. चर्चच्या जुन्या वहीत तिनेच वाचलं होतं. लेकरं पिवळ्या तापाने गेली होती. डॉर्कस रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसली, आणि आठवड्याने त्याच तापाने तीही गेली.

"आपल्याच माणसाच्या तोंडाला काळं फासलंस?" इडेलामावशी म्हणाली होती. विणणारे हात थांबले होते.

"मावशी, ती मेलीय गं. तिला काय फरक पडतो?"

मावशीने फक्त टोपलीतलं गवत उलट्या दिशेने वळवलं.

फेरी तुडुंब भरू लागली. बॉइडनेही गोष्ट उचलली, मग इतरांनी. या धंद्यात एकाची गोष्ट आठवड्यात सगळ्यांची होते. शहरभर दिवसातून वीस वेळा डॉर्कस विष कालवू लागली.

आणि मग ती ऑक्टोबरची दुपार.

रेनेटा दर वळणावर डोकी मोजायची. तटबंदीपाशी बारा. बाजारापाशी बारा.

स्वयंपाकघरापाशी... तेरा.

तिने पुन्हा मोजलं. तेरा.

सगळ्यांच्या मागे एक म्हातारी उभी होती. डोक्याला फडकं, अंगात राखाडी झगा. झग्याची किनार भरतीच्या पाण्यात बुडाली होती. बाकी सगळ्यांच्या पायांभोवती पाणी थरथरत होतं.

तिच्याभोवतीचं पाणी हलत नव्हतं.

रेनेटाने गोष्ट सांगितली. खिरीपाशी आली तेव्हा कुठूनसा चुलीचा धूर आल्यासारखं वाटलं. त्या स्वयंपाकघरात शंभर वर्षांत चूल पेटलेली नाही.

मग तिने रोजचंच शेवटचं वाक्य म्हटलं. "माझं नाव रेनेटा मझिक. फेरी आवडली असेल, तर अभिप्रायात माझं नाव लिहायला विसरू नका."

लोक पांगले.

म्हातारी जागची हलली नाही. "काय म्हणालीस नाव?"

"रेनेटा मझिक."

"पुन्हा सांग, पोरी. म्हातारीला ऐकू येत नाही."

"रेनेटा मझिक."

"आणखी एकदा."

तिने सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना आपलंच नाव जिभेवर परक्यासारखं लागलं, असं ती नंतर मला म्हणाली.

"आता बसलं," म्हातारी म्हणाली. "तुम्ही माझं दिवसातून वीस वेळा घेता. मी तुझं तीनदाच घेतलं."

रेनेटाने खाली पाहिलं. पाण्यात आभाळ होतं, भिंत होती, ती स्वतः होती.

म्हातारीचं प्रतिबिंब नव्हतं. मान वर केली... तर म्हातारीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी बॉइडची गाडी त्या घरापाशी थांबली होती. रेनेटा पलीकडे उभी होती.

"...आणि याच चुलीवर," बॉइड रंगात येऊन सांगत होता, "रेनेटा मझिक नावाच्या स्वयंपाकिणीने तीन लेकरांना विष घातलं!"

"बॉइड! कसली घाणेरडी थट्टा ही?"

तो गोंधळला. "थट्टा कसली? पहिल्यापासून हेच नाव सांगतोय. तूच तर शिकवलंस, डॉर्कस."

त्याने तिला डॉर्कस म्हटलं. सहज. वर्षानुवर्षं म्हणत असल्यासारखं.

तिने फोनवर अभिप्राय उघडले. एकेक वाचत गेली. *रेनेटा मझिकची कहाणी ऐकून झोप लागली नाही. मार्गदर्शक डॉर्कस फार गोड.* गळ्यातल्या ओळखपत्रावर छायाचित्र तिचं होतं. नाव तिचं नव्हतं.

तशीच ती चर्चमागे धावली. माझ्या दारावरून जाताना मलाही ओढून नेलं. म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं आहे.

दगड तोच होता. कोपरा फुटलेला, उन्हापावसाने झिजलेला.

*रेनेटा. स्वयंपाकीण. १८४३.*

मी अक्षरांत नख घातलं. खाचांत शेवाळ होतं. जुनं, काळं, खोलवर मुरलेलं.

रेनेटाने हार मानली नाही. स्वयंपाकघरासमोर उभी राहून तिने सगळ्यांना खरं सांगितलं. "डॉर्कसने कोणाला विष घातलं नाही! तिने त्या लेकरांची सेवा केली!"

एका बाईने हसून विचारलं, "घातलं असं कोण म्हणतंय? डॉर्कस तर तुम्हीच ना?"

त्या संध्याकाळी इडेलामावशीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. "चर्चच्या वहीतलं नाव गेलं. जाऊ दे. टोपलीतलं अजून आहे."

आमच्याकडे प्रत्येक मुलाला दोन नावं असतात. एक जगासाठी. दुसरं घरातलं, ते टोपलीतलं. ते उंबऱ्याबाहेर जात नाही. वर-खाली राहणारे आम्ही एकाच घरातले, म्हणून मला ते माहीत होतं.

"ते विचारत ती म्हातारी येईल," मावशी मला म्हणाली. "तू तोंड उघडू नकोस."

ती आली.

चार वाजले होते. भरती होती. फाटकापाशी राखाडी झगा दिसला... आणि पाणी निश्चल झालं.

"वरच्या पोरीला घरात काय म्हणतात रे?"

"मला माहीत नाही."

"माहीत आहे तुला." आवाजात राग नव्हता. राग केव्हाच जळून गेला होता. राख तेवढी उरली होती. "तीन लेकरं माझ्या मांडीवर गेली. त्यांच्या खुनाचा आळ माझ्यावर. माझं पोरगं मला काय म्हणायचं, तेसुद्धा आता कोणाला ठाऊक नाही. सांग."

मी ओठ घट्ट मिटले.

तेवढ्यात वरून भाताचा वास आला. सज्जातून, रोजच्या सवयीने, इडेलामावशीने भाचीला जेवायला हाक मारली.

खणखणीत. टोपलीतल्या नावाने.

म्हातारीचे ओठ हलले. एकदा. दोनदा. तीनदा.

"गोड आहे," ती म्हणाली.

आता मावशी रोज संध्याकाळी सज्जात येते, तोंड उघडते आणि तशीच उभी राहते. हाक येत नाही. नाव आठवत नाही म्हणते. आठवायला मी नावांनी कागदांवर कागद भरले.

मलाही आठवत नाही.

मात्र भरतीच्या दुपारी गल्लीतून कोणीतरी एक नाव हळूच उच्चारतं. त्या क्षणापुरतं मला ते ओळखू येतं... आणि वरच्या जिन्यावर अनवाणी पावलं वाजू लागतात. मी जिन्याच्या दाराला बाहेरून पाठ लावून बसतो. रेनेटा त्या हाकेकडे जायला आतून ढकलते, न बोलता, पाणी ओसरेपर्यंत. दर वेळी जोर थोडा जास्त असतो.

आज चार वाजता भरती आहे.