जीपवरचा उजेड

किन्हीराजाचा बाजार उठला तेव्हा दिवस मावळायला थोडाच अवकाश होता. ज्ञानचंदांनी कापडाचे उरलेले गठ्ठे बांधले, जीप गावाबाहेरच्या बाभळीखाली लावली आणि छतावरचा तंबू उभा केला. जीप लष्कराच्या लिलावातली. वर सागवानी फळ्यांचा माचा, त्यावर कॅनव्हासचा तंबू, चढायला लोखंडी शिडी. काळ्या मातीत रात्री नाना जीव सरपटतात, आपल्या पाठीखाली एखादा कशाला चिरडायचा, म्हणून मुक्कामी ते वरच झोपत. त्या दिवशी मुलगी सोबत होती. तंबू तिला दिला आणि स्वतः खाली सीटवर अंथरूण घातलं.

प्रेमा अकोल्याच्या शाळेत शिकवायची, दिवाळीच्या सुटीत शिरपूरला घरी आली होती. वाचल्याशिवाय तिला झोप येत नसे. तिच्यासाठी म्हणून ज्ञानचंदांनी शिरपूरच्या बॅटरीवाल्या जगदेवकडून तंबूत एक बल्ब लावून घेतला होता. त्यासाठी मागच्या सीटखाली एक जुनी बॅटरी वेगळी ठेवली होती. इंजिनाच्या बॅटरीला हात लावू नका, गाडी तिच्यावरच उठते, असं जगदेवनं दोघांना बजावलं होतं.

खुद्द ज्ञानचंदांचा कार्तिकी पुनवेपर्यंत नेम होता. दिवस मावळल्यावर आपल्या हातानं दिवा लावायचा नाही. उजेडावर किडे येतात आणि मरतात.

"वाच तू," ते शिडीखालून म्हणाले. "नेम माहा हाय, तुहा नाही. किड्यायनं विचारलं तं तुहं नाव सांगीन."

ती हसली. ते घोरायला लागले.

तासाभरात बल्ब लाल पडला. कादंबरीची चाळीस पानं उरली होती. प्रेमा शिडीवरून दबकत उतरली, बॉनेट उचललं आणि तंबूच्या वायरीचे दोन्ही चिमटे जुन्या बॅटरीवरून काढून इंजिनाच्या बॅटरीवर लावले. जगदेवला तिनं ते करताना पाहिलं होतं. अवघड काहीच नव्हतं. वर पांढरा स्वच्छ उजेड पडला. पाच-सहा पानं झाली असतील, तिचा डोळा लागला.

पहाटे ती जागी झाली खालच्या आवाजानं. कट्. थोडं थांबून पुन्हा कट्. ज्ञानचंद छातीवर एक हात दाबून दुसऱ्या हातानं किल्ली फिरवत होते. घामानं सदरा भिजला होता. तिच्या डोक्यावर बल्बची तार निखाऱ्यासारखी लाल होऊन विझत चालली होती.

तिनं पुढून हँडल घालून फिरवलं. ते अर्धं फिरलं आणि उलटून मनगटावर बसलं. बैलगाडी मिळाली तोवर उन्हं अंगावर आली होती, आणि ती सडकेला लागली तोवर घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी अंगणात माणसं जमली. जगदेवनं जीप ओढून आणली, बॉनेट उघडलं आणि मान वर केली.

"हे चिमटे कोणं बदलले?"

शेजारीच मंदिराचं सगळं पाहणारे कस्तुरचंद काका उभे होते. प्रेमाला आपला आवाज ऐकू आला.

"बाबूजीनं."

मौतीचं सारं आटोपलं की खरं सांगू, असं तिनं ठरवलं. पण तोवर तिचं उत्तर साऱ्या गावाचं झालं होतं. ज्ञानचंदांनी नेम मोडला आणि त्याच दिव्यानं त्यांचा जीव घेतला, हे कस्तुरचंद काकांनी मंदिराच्या पायरीवर बसून सगळ्यांना ऐकवलं. आईनं, अंगुरीबाईनं, ते ऐकून एकासणं धरलं. दिवसातून एकदाच बसायचं, एकदाच जेवायचं, वर्षभर. प्रेमानं विरोध केला तर ती शांतपणे म्हणाली, "त्यायचा मोडला नेम, मीच फेडीन ना बाप्पा."

आठवडाभरात तिला चौकटीचा आधार घेऊन उठावं लागू लागलं. प्रेमा समोर बसून पाहत असे, आणि ताट उचलून नेत असे.

जीप मागच्या अंगणात उभी होती. दोन्ही बॅटऱ्या जगदेवनं दुकानात नेल्या होत्या. एका दुपारी प्रेमा कादंबरी आणायला वर चढली. तिचं डोकं बल्बला लागलं. बल्ब गरम होता. कॅनव्हास उन्हानं तापतो, ती मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच चढली. कॅनव्हास दवानं ओला, गार होता. बल्ब गरमच होता. खाली चादरीवर पतंग मरून पडले होते, ओंजळभर. तिनं मऊ कुंच्यानं ते गोळा केले आणि तुराट्यांच्या कुंपणापलीकडे टाकले. पुढच्या सकाळी तेवढेच पुन्हा होते.

त्या संध्याकाळी अंगुरीबाईनं विचारलं, "प्रेमा, वर उजेड हाय काय वो?"

मावळतीचं ऊन असेल, असं प्रेमा म्हणाली. ऊन तेव्हा गेलेलं होतं.

तिनं जगदेवला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, सुटे लोंबणारे चिमटे दोन हातांत धरले आणि वर पाहिलं, तंबू उजळलेलाच होता. मग फडक्यात धरून बल्ब काढला आणि खिशात घालून घेऊन गेला.

दुसऱ्या संध्याकाळी तंबू पुन्हा उजळला. जगदेवनं त्या गल्लीनं येणं सोडलं.

पुनवेच्या आदल्या दिवशी दिवस मावळता मावळता अंगुरीबाई त्या दिवसाचं शेवटचं पाणी पिऊन उठली. हातात कुंचा होता. ती सरळ जीपकडे गेली.

"कुठी चालली, बाई?" प्रेमानं आईला विचारलं.

"त्यायचा दिवा हाय. इजवाले मलेच जा लागन."

तिनं शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. कॅनव्हासमधून पांढरा स्वच्छ उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता, आणि गालांची हाडं दिसत होती.

प्रेमानं तिचा पदर धरला.

"बाई, उतर. चिमटे म्या बदलले."

अंगुरीबाईनं वरच्या पायरीला हात घातला.

बॉनेटखाली कट् झालं.

मग एका दमात इंजिन सुरू झालं.

किल्ली घरात खुंटीला होती. शिडी थरथरत होती, तिच्यावरची आई थरथरत होती. गल्लीतली दारं उघडली. भिंतीवर डोकी आली. कस्तुरचंद काका अर्ध्या धोतरानिशी अंगणात येऊन थांबले.

"काय म्हणून राह्यली?" अंगुरीबाईनं विचारलं. "आइकू नाही येत."

इंजिन कमी होईना. तेव्हा प्रेमाला सगळ्यांदेखत, ओरडून सांगावं लागलं.

"दिवा म्या लावला होता. माहं नाव सांगा."