एका नावाएवढी शांतता

रेडिओ केंद्रातल्या स्टुडिओच्या दाराबाहेरचा लाल दिवा पेटलेला आणि आमच्या बाईसाहेबांचा हात थेट कडीवर. तेवढ्यात मागून कुणीतरी तिचं मनगट धरलं. वळून बघते तर एक सडपातळ तरुण ओठांवर बोट ठेवून उभा. लाल दिवा म्हणजे आत बातम्या चालू, बाहेर खोकायचीही चोरी. बोळातल्या स्पीकरवर बातम्या ऐकत दोघं चार मिनिटं एकमेकांकडे बघत राहिले. मनगट सोडायचं त्याला सुचलं नाही... आणि तिनंही आठवण करून दिली नाही.

दिवा विझला. "आवाजाच्या चाचणीला आलात?" त्यानं विचारलं.

"कशावरून?"

"बातम्या ऐकताना तुमचे ओठ हलत होते."

ते लहानपणापासूनच हलत होते. लाटणं तोंडापुढे धरून ती आईला हवामान सांगायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं भोंगा. वडील मात्र जुन्या रेडिओवर हात ठेवून म्हणायचे, "एक दिवस तू यातून बोलशील." ते वाक्य तिनं गाठीशी बांधून ठेवलं होतं.

चाचणीत ती पास झाली आणि दुपारच्या प्रसारणाची, म्हणजे केंद्राच्या भाषेत सभेची, हंगामी निवेदिका झाली. काचेपलीकडे तंत्रज्ञ म्हणून तोच, मनगट धरणारा. बोट वर केलं की बोल, तळवा खाली केला की सावकाश. ती त्याला मौनीबाबा म्हणायची. सभा संपताना तंत्रज्ञाचं नाव सांगायचा नियम होता. बाकीचे ते उरकून टाकत. ही आधी क्षणभर थांबायची.

"माझ्या नावाआधी एवढी थांबतेस कशाला?"

"श्वास घेते."

"बातम्यांत नाही घेत."

"बातम्यांत तू नसतोस ना..."

घरी आईनं हटकलंच. "हा कोण गं?"

"काचेपलीकडचा आहे."

"मग पलीकडेच राहू दे."

दोन वर्षांनी कायमची जागा निघाली. एकच, तीही दूरच्या शहरात. आवाजाची टेप पाठवायची, तिच्यावर नाव नाही, फक्त क्रमांक. तिची टेप अर्थातच त्यानं केली. वाचून झाल्यावर तिनं काचेतून भुवया उंचावल्या. त्यानं छातीवर हात ठेवला – माझ्यावर सोड.

उत्तर आलं : आवाज पोकळ, दूरचा. नापसंत.

वडील म्हणाले, "त्यांचंच यंत्र बिघडलेलं असणार." ती मात्र त्याच्या खांद्यावर ढसाढसा रडली. "मी आहे ना," तो म्हणाला. त्या रडण्यातच ती त्याला लग्नाला हो म्हणून बसली.

परत आलेल्या टेपा पुसून पुन्हा वापरत आणि पुसायचं काम हंगामींच्या गळ्यात असे. एका सकाळी तिच्या हाती तिचाच क्रमांक आला. पुसण्याआधी तिनं तो लावला. विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसा आवाज. टेबलावर दोन माइक असत, एक निवेदकाचा आणि एक समोरच्या पाहुण्याचा. त्यानं पाहुण्याचा उघडा ठेवला होता आणि तिचा बंद. रोज तिचा माइक उघडणाऱ्या हाताची ही चूक नव्हती.

"तू लांब गेली असतीस," तो खाली मान घालून म्हणाला.

"मग थांब म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर... थांबली असतीस?"

"हो. मूर्खासारखी थांबले असते."

तिनं टेप यंत्रावरून उतरवली.

"आणि अजून तू आवडतोस मला," ती म्हणाली. "त्याचीच चीड येते."

ठरलेलं लग्न मोडलं. पुढच्या वर्षी तीच जागा पुन्हा निघाली. या वेळी टेप थोरल्या इंजिनिअरांनी केली आणि तिची निवड झाली.

शेवटच्या दुपारी काचेपलीकडे तोच होता. सभा संपत आली तेव्हा, गाणं वाजत असताना, तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला. "एकदा बघ तरी इकडे..."

तिनं घड्याळाकडे बघितलं. गाणं संपलं, त्यानं बोट वर केलं.

"आजची आपली सभा इथे संपत आहे. नियंत्रण कक्षात होते –"

आणि ती गप्प बसली. नाव झाल्याशिवाय तंत्रज्ञानं माइक बंद करायचा नाही, असा नियम. तो बटणावर हात ठेवून वाट बघत राहिला. तिनं कागद नीट लावले.

"नमस्कार," ती म्हणाली.

घरी वडिलांनी रेडिओवर दोन टिचक्या मारल्या. "मध्येच बंद पडला होता की काय?"

"नाही," आई म्हणाली. "तिथं ती त्याचं नाव घ्यायची."