न वाजवलेली तिसरी

पांढरकवड्याच्या बसस्टँडसमोर सत्यशीला केव्हाची उभी होती. हायवेचे ट्रक अंगावर धूळ उडवत चालले होते आणि साकेतचा पत्ता नव्हता. मारेगाववरून ती काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या फळीवर, एका बकरीच्या शेजारी बसून आलती. ओढणीले अजून वास मारत होता.

साकेत आला तो बापाच्या स्कूटरवर. नरहर वकिलाचा एकुलता एक पोरगा, नागपूरले कॉलेजात शिकायचा आणि शिकण्यापेक्षा ड्रम जास्त वाजवायचा.

"सॉरी, शीला. आईनं पोहे केले होते."

"मंग डब्यात आनायचे ना माह्यासाठी. इथं धूळ खाऊन राह्यली मी."

"चल, बस. लखीराम काका वाट पाहत असतील."

"त्यायले सांग, वाट पाहाची सवय करा म्हना. मले झाली."

सत्यशीला सतराची होती. शाळा तिनं दहावीतच सोडलती. मास्तर भर वर्गात तिच्या बापाच्या भीमगीतांच्या पार्टीले हसला, हिनं पुस्तकं त्याच्या टेबलावर आपटली आणि जे घरी आली ते परत गेलीच नाई. बापानं, मारोतीनं, एक शब्द न बोलता तिच्या हाती गिटार देल्ली. दोन वर्षं ती पार्टीत वाजवत होती. पण ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडला तशा कार्यक्रमांच्या सुपाऱ्या पडल्या. गावोगावच्या पार्ट्या, ऑर्केस्ट्रा एकेक करून बसले. मारोतीची हार्मोनियमची पेटी कपाटावर गेली.

तेवढ्यात साकेतनं ही गोष्ट काढली. नागपूरच्या एका हॉटेलले दर शनिवारी संध्याकाळी जॅझ वाजवणारे तिघं पाहिजे होते. ड्रमवर साकेत, बेसवर त्याचा मित्र, आणि गिटारवाला अजून सापडायचा होता. त्यानं तिले दोन कॅसेट आणून देल्ल्या. त्यातलं एक इंग्रजी नाव तिच्या ध्यानात राह्यलं नाई, वाजवणं मात्र सगळं उचललं. त्या वाजवण्यात तिले एक गोष्ट लय आवडली होती. पुढं काय येणार हे वाजवणाऱ्यालेबी माहीत नसते.

फक्त तिची गिटार आडवी येत होती. ती होती ऑर्केस्ट्राची, चपटी, पत्र्यासारखी वाजणारी. एक कॉर्ड मारला का रेंगाळत बसे. जॅझमध्ये एका कॉर्डनं दुसऱ्याले जागा करून द्या लागते. त्याले पाहिजे आर्चटॉप, म्हणजे व्हायोलिनसारखं पोट फुगलेली, दोन बाजूले दोन वाकडी भोकं असलेली गिटार. खोल, कोरडा आवाज. वाजला, बोलला, बाजूले झाला. नवी चांगली घ्यायची ऐपत दोघांचीबी नव्हती. म्हणून लखीराम राठोड.

लखीरामचा एके काळी मोठा ऑर्केस्ट्रा होता. आता तो बसलेल्या पार्ट्यांचं सामान घेऊन विकत होता. सामान ठेवलं होतं गावाबाहेरच्या बंद जिनिंगच्या गोदामात. कोपऱ्यात कोणाचा तरी न उचललेला कापूस छतापर्यंत पडला होता, जुना, मळकट. सत्यशीला आत शिरली आणि तिले कान बंद झाल्यासारखे वाटले. चपलेचा आवाज नाई, बाहेरच्या ट्रकचा नाई. साकेत बाजूले बोलला तर लांबून बोलल्यासारखा.

"कापूस आवाज खाते," लखीराम म्हणे. पांढऱ्या मिशा, गळ्यात गमछा. "इथं जे चांगलं वाजलं थे कुठंबी वाजते. बस त्या स्टुलावर. तोंड कापसाकडं कर."

"काहून?"

"माही रीत हाय. गिऱ्हाईक चमक पाहून वाद्य घेते आन् मंग मलेच शिव्या देते. तू पाह्यचं नाई. मी वाजवतो, तू नुसतं आयक."

"काका, मी गिटार घ्याले आली, नवरा पाह्याले नाई."

लखीराम हसला. पण तिनं पाठ फिरवली. समोर कापसाचा डोंगर, त्यातून कुबट, तेलकट वास.

पहिली वाजली. गोड होती पण पोकळ. दाबलेल्या प्लायवूडची असणार, तिनं मनात म्हटलं. दुसरी वाजली. आवाज भारी, पण वरच्या पट्टीत तार मानेवरच्या फ्रेटच्या पट्टीले घासत होती. मान वाकलेली.

मग थोडा वेळ गेला, आणि तिसरी वाजली.

चार कॉर्ड. सावकाश खाली उतरणारे. खोल, कोरडे, लाकडाच्या आतून आलेले. कापसानं त्यातलं काहीच खाल्लं नाई. चौथ्या कॉर्डवर वाजवणाऱ्याची करंगळी जराशी घसरली, टक् झालं, आणि आवाज बाजूले झाला. सत्यशीलाच्या हातावर काटा आला.

"तिसरी," ती म्हणे. "बाकीच्या ठेवून द्या. तिसरी देऊन टाका."

ती वळली. लखीरामच्या मांडीवर अजून दुसरी गिटारच होती, लाल रंगाची.

"तिसरी अजून काढलीच नाही, शीला," साकेत म्हणाला. "दोनच वाजल्या."

"मले येडी समजता काय रे?" ती उठलीच. "करंगळी घसरली होती त्याची. आत्ता आयकलं मी."

लखीरामनं लाल गिटार हळूच खाली ठेवली. कोपऱ्यातली काळी पेटी ओढली आणि कडी उघडली.

आत गिटार होती. तपकिरी, फुगीर, कुठंच कोणाचं नाव नसलेली. तिच्यावर एकबी तार नव्हती. तारा असल्याशिवाय जे जागेवर थांबत नाई, ते तारांखालचं लाकडी घोडं सुटं होऊन फडक्यात बांधून ठेवलेलं होतं. आणि दोन्ही भोकांतून कापूस बाहेर डोकावत होता, ठासून भरलेला.

"सेवादासची," लखीराम म्हणे. "माह्या ऑर्केस्ट्रात वाजवे."

"कापूस कायले भरला?"

"माइक शिट्टी मारते ना पोकळ गिटारवर. इकडचे सारेच भरत. कापसाले काय तोटा होता तवा?"

"आन् तारा काहून काढल्या?"

लखीराम गमछ्यानं मिशा पुसत बसला. "त्यानंच काढल्या. एक दिवस आनून देल्ली. म्हने, काका, आता आयकाचं नाई. मंग मुकुटबनच्या कार्यक्रमाले दुसऱ्याची गिटार घेऊन गेलता..." त्यानं लाल गिटार परत उचलली. "तुले लाल पाहिजे तर मान सरळ करून देतो, पोरी."

"मले हेच पाहिजे."

"देशीन थे दे मंग," तो म्हणे, पहिल्यांदाच तिच्याकडं न पाहता.

लाल गिटारच्या तारा काढून तिनं तिथंच चढवल्या, घोडं बसवलं, सूर लावला. आवाज मेलेला निघाला. "कापूस काढ ना आधी," साकेत म्हणाला. तिनं बोटं घालून ओढला. निघत राह्यला. गिटारच्या पोटात मावणार नाई एवढा ढीग मांडीवर झाला. साऱ्या गोदामात जुना मळका कापूस होता, हा मात्र पांढराफटक होता, नुकता बोंडातून काढल्यासारखा, आणि हाताले कोमट लागत होता.

मग ती वाजवायले बसली. ठरवलं काही नव्हतं, बोटं जिकडं गेली तिकडं गेली. चार कॉर्ड, खाली उतरणारे. चौथ्यावर तारा हाताच्या ओळखीच्या नव्हत्या म्हणून करंगळी घसरली.

टक्.

साकेत टाळ्या वाजवत होता. लखीराम बाहेर उन्हात जाऊन उभा राह्यला होता.

घरी तिनं गिटार पेटीत घालून खुंटीले टांगली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी करत होती, तर आतल्या खोलीतून वाजल्याचा आवाज आला. हलका, पेटीतून येणारा. तिले वाटलं बाबा. बाबा तर अंगणात सायकलची चेन चढवत होता.

ती दारात उभी राह्यली. पेटी बंद होती. आत हॉटेलातल्या परीक्षेसाठी साकेतनं बसवलेली धून चालू होती, तिचीच बोटं, तिचीच वळणं. मध्ये एका जागी सूर चुकला. मग धून पुरी झाली.

"बाबा, आयकून राह्यले काय?"

"काय?"

"काई नाई."

भीती वाटली नाई असं नाई. पण त्या भीतीवर राग चढला. डब्यात बंद लाकडानं आपली चूक आधीच वाजवून दाखवायची? ती बसली आणि तेवढीच जागा घासत राह्यली, बोटांची कातडी निघेपर्यंत. ही चूक मी करणार नाई म्हणजे नाई.

बुधवारी नागपूरले हॉटेलात परीक्षा झाली. मॅनेजर चष्मा पुसत ऐकत होता. ती जागा आली आणि सूर बरोबर लागला. सत्यशीलाले हसू फुटलं. धून संपली.

"छान," मॅनेजर म्हणाला. "फक्त एकदा परत घ्या. फोन आला होता, माझं लक्ष नव्हतं."

परत घेतली. त्याच जागी मागं वेटरच्या हातून खुर्ची घसरली, फरशीवर किंचाळली, आणि तिचं बोट चुकलं. पेटीतून आलता तसाच सूर. तंतोतंत.

"चालतं," मॅनेजर म्हणाला. "शनिवारपासून या."

साकेतनं तिले उचलूनच घेतलं. "अगं, झालं! दर शनिवारी! रडतेस काय?"

"कोन रडून राह्यलं? धूर हाय इथं."

धूर नव्हता.

त्या रात्रीपासून तिनं पेटीवर बापाची जुनी गोधडी टाकली. बापाले शनिवारचं सांगितलं तर त्यानं पहिल्या कार्यक्रमाले घालायले निळी साडी काढून देल्ली, आईची. आपली हार्मोनियम कपाटावरून उतरवून पुसत बसला. पोरगी वाजवायले लागली तर आपलीबी पार्टी उठेल, असं काहीतरी पुटपुटला. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या तोंडावर रंग दिसला होता. गिटारच्या आपोआप वाजण्याचं सत्यशीला बोललीच नाई.

शनिवारी सकाळी ती वेणी घालत होती.

गोधडीखालून गिटार वाजायले लागली.

ती हात वेणीत तसेच ठेवून ऐकत राह्यली. असं आपण वाजवू शकतो हे तिले माहीत नव्हतं. धून तीच होती, पण मध्ये सोडून देल्लेली, भटकणारी, पुन्हा घरी येणारी. एक चूक नाई. वर चढत गेली, अजून वर, शेवटच्या वळणाच्या तोंडाशी आली.

आणि थांबली.

संपली नाई. थांबली. कॉर्ड अर्धा मारला होता, तीन तारा वाजल्या, बाकीच्या तीन नाई.

तिनं वाट पाह्यली. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. आतून पुढं काहीच आलं नाई.

ती चौकातल्या एसटीडीवर गेली आणि लखीरामले फोन लावला.

"काका, सेवादास मुकुटबनले दुसऱ्याची गिटार घेऊन गेलता म्हने तुम्ही. काय वाजवलं त्यानं?"

"पुरं कुठं झालं, पोरी. अर्ध्या कॉर्डवर स्टेजवरच पडला थो, उठलाच नाई," लखीराम म्हणे.

तिनं फोन ठेवला. म्हणजे ही गिटार इथं ठेवून गेलं तरी तेच. न जाणं एवढंच हाती होतं. घरी बाप निळ्या साडीले इस्त्री करत होता, तांब्यात निखारे घालून, जळू नये म्हणून जीव लावून. साकेतनं भाड्यानं आणलेल्या गाडीचा हॉर्न वाजला.

"शीला! उशीर करू नकोस आज!"

लाकडाच्या डब्यानं सांगायचं मी कुठं थांबायचं? तिनं गोधडी ओढून फेकली, पेटी उचलली आणि गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळी हॉटेलचा हॉल भरला होता. पिवळे दिवे, काट्या-चमच्यांची किणकिण. मारोती मागच्या खुर्चीवर ताठ बसला होता. सत्यशीलानं वाजवायले सुरुवात केली आणि पहिल्या फेरीतच किणकिण थांबली.

सकाळी ऐकलेलं सगळं तिच्या बोटांत येत होतं. तिनं मुद्दाम वेगळीकडं वळून पाह्यलं. वळणबी सकाळचंच निघालं.

वर चढली. अजून वर.

शेवटचं वळण आलं. साकेत हसून तिच्याकडं पाहत होता. तिनं श्वास धरला आणि कॉर्ड मारला.

साही तारा वाजल्या.

पुढचा वाजला. त्याच्या पुढचा. धून घरी आली, पुरी झाली.

टाळ्या. मारोती उभा राह्यला होता, डोळे पुसत होता. तिचं अंग घामानं भिजलं होतं, आणि तिले मोठ्यानं हसावं वाटत होतं. हरवलं. हरवलं डब्याले.

टाळ्या थांबतच नव्हत्या. मग मागच्या टेबलावरून कोणीतरी हात वर केला.

"वन्स मोअर!"

"वन्स मोअर!" सारा हॉल म्हणायले लागला. मारोतीबी.

सत्यशीला नाई म्हणायले साकेतकडं वळली. त्यानं काड्या आपटून ताल मोजायले सुरुवात केली होती, आणि तिचा डावा हात, तिनं न नेता, पहिल्या कॉर्डवर जाऊन बसला होता.