बिनकडीची पुतळी

"वहिनी, डबी रिकामी हाय!"

आईला अग्नी देऊन अजून एक दिवसही उलटला नव्हता, आणि प्रणव देवघरापुढे ती उघडी डबी हातात घेऊन उभा होता... ओसरीत बसलेल्या शैलाने मान वर केली नाही.

पुतळी! केळव्याच्या त्या घरातली, पिढ्यान्‌पिढ्या पुजलेली सोन्याची पुतळी! पिंपळाच्या कोवळ्या पानासारखी पातळ. एका बाजूला उभा देव नि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला भक्त, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या वेढ्यात आणखी एक मूर्ती. परदेशी गलबतातून आलेलं नाणं ते, असं प्रणव सांगे. घरातले त्याला रामसीताच म्हणत. गावातल्या साऱ्या पुतळ्यांना गळ्यात घालण्यासाठी कड्या डागलेल्या, ही तेवढी एकच जशीच्या तशी! जुनी नाणी जमवणाऱ्या प्रणवचा तिच्यावर फार जीव. बोईसरहून आला की तिला कडेने धरून उन्हात न्यायचा, आणि शैलाला दटावायचा, "पुसू नको हां, वहिनी! तुझा हात म्हणजे भांडी घासायचा काथ्या!" तीही हसायची. नवरा, शांताराम, गेल्यापासून या धाकट्या दिराला तिने लेकरासारखं वाढवलं होतं.

"डबी तर तुमच्याच ताब्यात होती ना, वहिनी?" प्रणवची बायको समिधा म्हणाली. "का माहेरी पोचली पुतळी?"

"समिधा, काल आई गेल्या गं..."

"म्हणूनच विचारते. त्यांच्या डोळ्यांदेखत जमलं नसतं!"

प्रणव गप्प राहिला. त्याच्या त्या गप्प राहण्यानेच शैला मेली!

कसं सांगणार ती? आईंचे प्राण कंठाशी आले तेव्हा घरात ती एकटी होती. जाणाऱ्याच्या तोंडात सोनं ठेवायचं... त्यासाठीच जपलेला मणी आईंनी प्रणवच्या कॉलेजपायी केव्हाच मोडला होता, आणि "त्याला कळू देऊ नको गं, जन्मभर जळत राहील पोर!" अशी शपथ शैलाला घातली होती. विधवेच्या अंगावर सोनं कुठलं? तिने पुतळीच त्या जिभेवर ठेवली! आता हे बोलावं, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता... म्हणून तिने चोरीचा आळ मुकाट्याने पदरात घेतला.

तिसऱ्या दिवशी प्रणव अस्थी गोळा करून परतला. तळहातावर राखेने माखलेला सोन्याचा गोळा. देव नाही, चांदण्या नाहीत...

"वहिनी... तू आईच्या तोंडात..." तो ढसाढसा रडू लागला. समिधाने धावत येऊन तिचे पाय धरले. मग प्रणव एकदम थांबला.

"पण आईचा मणी होता ना? तिनंच मला दाखवलेला. तो का नाय ठेवलास?"

शैलाने क्षणभर डोळे मिटले.

"हरवला रे माझ्या हातून. किती शोधला, सापडलाच नाय..."

प्रणव त्या गोळ्याकडे पाहत राहिला. शेकडो वर्षं टिकलेलं ते रूप, एका बाईच्या वेंधळेपणाने...! मग त्याने जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे, वहिनी. मुद्दाम थोडंच केलंस? मी माफ केलं तुला."

"लय मोठ्या मनाचा हायस रे, बाबा," शैला म्हणाली, आणि पदराने त्याचे डोळे पुसू लागली.