कागदाकडे बघायचं नाही

सोमवार, सकाळचे सव्वासात. उंब्रजच्या स्टँडवर सातारा–सांगली एसटीचं मागचं टायर बसलं आणि सगळे प्रवासी खाली उतरले.

त्यांत भार्गवी होती. साताऱ्याची, सांगलीच्या डिझाइन कॉलेजात नुकतीच पहिल्या वर्षाला लागलेली. रविवार घरी काढून ती होस्टेलवर परत निघाली होती आणि प्रमोदिनी मॅडमनी दिलेला गृहपाठ तसाच राहिला होता. गृहपाठ असा : समोरच्या माणसाकडे बघत चित्र काढायचं. कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही, खोडायचं नाही. "हात चुकला तर चालेल, डोळा चुकायला नको," असं मॅडमचं म्हणणं.

थंडी होती. चहाच्या गाड्यापाशी एक मुलगा दोन्ही हातांत कप धरून उभा होता. डोक्यावरचे केस अगदी बारीक, गुडघा सारखा हलता. भार्गवीनं पॅड काढलं.

"ओ मॅडम, काय बघताय?"

"हलू नका!"

तो जागीच थिजला. "का? साप हाय का?"

"चित्र काढतेय."

"आदी सांगायचं की! केसं तरी इंचरली असती."

"आहेत कुठे केस?"

तो हसला आणि नेमकं हसतानाच ओठांची रेघ कागदावर उतरली. चित्र बघायला तो जवळ आला. "ह्यो मी? आवं, नाक तर पार कराडला पोचलंय!"

"एसटीच्या आधी पोचलं ना? मग झालं तर."

त्याचं नाव वीरधवल. घर उंब्रजचं, ऊस-शेती. सांगलीत तो लष्कर भरतीची तयारी करत होता आणि दर सोमवारी हीच गाडी पकडायचा. पुढच्या सोमवारपासून भार्गवी साताऱ्यातच शेजारच्या सीटवर पॅड ठेवून जागा धरू लागली.

"आजबी गृहपाठ?"

"मॅडम फार कडक आहेत हो..."

मग उंब्रज ते कराड तो शहाण्यासारखा स्थिर बसायचा. नजर समोर, कान हळूहळू लाल. उसाच्या ट्रॉल्या मागे पडत, धुकं विरळ होई आणि भार्गवी बघत राही – डाव्या भुवईतला व्रण, ओठ दाबून अडवलेलं हसू. कागदावर काय उमटतंय, याची तिला फिकीर नव्हती.

हिवाळा सरला. वीरधवलची भरती झाली. तो ट्रेनिंगला बेळगावला निघाला त्या दिवशी ती सांगलीच्या स्टँडवर सोडायला गेली. ट्रंक टपावर चढली, तरी तो खालीच घुटमळत राहिला.

"शिवांजली माजी मामेबहीण. तुमच्याच वर्गात हाय."

"हो... मग?"

"ती म्हनली, तुमचा त्यो गृहपाठ पहिल्याच आठवड्यात संपला."

भार्गवीनं हातातलं पॅड छातीशी धरलं.

"मग सगळा हिवाळा तुमी माज्याकडं काय बघत व्हता?"

"मी... ते – "

"आत्ता नको. गडबडीत चुकंल. फोनवर तर नकोच. सुट्टीवर आलो की समोर सांगा." त्यानं तिच्या हातातलं पॅड आणि पेन्सिल घेतली. "आता तुमी हलू नका."

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. वीरधवलनं एकदाही खाली पाहिलं नाही. पॅड परत देऊन तो पळतच गाडीत चढला. चित्रात वेणीचा कासरा झाला होता आणि एक डोळा चेहऱ्याबाहेर आला होता.

पहिल्या सुट्टीला तो आला, तेव्हा ती इंटर्नशिपला पुण्यात. नंतर त्याची पोस्टिंग उत्तरेत. फोन व्हायचे : हवा, जेवण, शिवांजलीचं लग्न. त्या एका प्रश्नाला दोघंही हात लावत नव्हते.

भार्गवी आता शेवटच्या वर्षाला आहे. काम बहुतेक स्क्रीनवर. चुकलं की एका बोटानं पुसलं जातं. अशा वेळी तिला ते न खोडता येणारे सोमवार फार आठवतात. परवा मॅडम तिच्या पोर्टफोलिओची चित्रं निवडत होत्या. कासऱ्याच्या वेणीवर त्यांचा हात थांबला.

"हे तुझं नाही. हात अगदीच कच्चा आहे." त्यांनी चष्मा वर केला. "पण डोळा चुकलेला नाही. कुणाचं गं?"

मग मॅडमनीच ते चित्र वेगळं काढून भार्गवीच्या हातात दिलं.

आज, शुक्रवारी, वीरधवल रेल्वेनं सुट्टीवर येतोय. उंब्रजच्या माणसानं कराडला उतरायचं. घरचे तिथं घ्यायला येणार होते. दुपारी चारला भार्गवी स्टुडिओत असताना मोबाइल वाजला.

"कराड गेलं. उतरलो न्हाई. आई लय बोलनार हाय. सांगली स्टेशनात यायचं का न्हाई, तुमचं तुमी बघा."

पाच वाजता ती फलाटावर पोचली होती. पॅड, पेन्सिल सगळं स्टुडिओतच राहिलं. हे लिहीपर्यंत गाडीनं किर्लोस्करवाडी सोडल्याचं कळलं आहे. फलाटावरून गाडी अजून दिसलेली नाही.