कोरी पुडी

बाबांचे डोंगरातले बूट सकाळपासून अंगणात उलटे ठेवले होते. बूट धुतले की उलटे वाळवायचे, तंबू ओला असताना गुंडाळायचा नाही, दोरावर पाय द्यायचा नाही, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. बाबा जाऊन महिना होत आला होता आणि धाकटी लेक त्याच शिस्तीने गॅरेज आवरत होती. तिला काही वाटत नव्हतं. वस्तू होत्या, त्या जागेवर लावायच्या होत्या, एवढंच.

"दुपारच्या शोकसभेत काय बोलणार आहेस?" आईने दारातून विचारलं.

"ऑफिसातले लोक बोलतील, डोंगरातले मित्र बोलतील. मी शेवटी आभार मानते."

"आभार मानायला लग्न आहे का कुणाचं?" आई उंबऱ्यावरच टेकली. "दादा बघ, पोटभर रडून मोकळा झाला. तू हॉस्पिटलात रडली नाहीस, स्मशानात नाहीस. लोक मला विचारतात गं."

"काय विचारतात?"

"हिचं आणि बापाचं पटत नव्हतं का, म्हणून."

धाकटीने दोराचं वेटोळं खुंटीला अडकवलं. पटत होतं. अगदी छान पटत होतं.

बाबांचा जन्म पाण्यामागे गेला. ते पर्यावरण अभियंता. आठवडाभर शहराच्या गटारांचं आणि नाल्यांचं पाणी नदीत जाण्याआधी शुद्ध करायचं, आणि शनिवार उजाडला की पाठीला सॅक मारून डोंगरात झऱ्यांच्या मागे फिरायचं. निवृत्त झाल्यावर फरक इतकाच पडला, की सगळे वार शनिवार झाले. "पाणी कुठेतरी निघतंच," हे त्यांचं पालुपद. भिंतीला ओल आली तरी तेच, वाट चुकली तरी तेच.

लहानपणी धाकटी कशावरूनही रडायची. पेन्सिलचं टोक मोडलं तरी डोळ्यांना धार लागे. बाबा तिला गळती म्हणत. "दिवसभर ऑफिसात गळत्या शोधतो, आणि घरी आलो की ही माझी वाट बघत बसलेली!" म्हणत आणि स्वतःच्या बाहीने तिचे डोळे पुसत.

मग ती चाचणी झाली. डोंगरात एक ओढा होता. चांगला वाहता वाहता तो एका खडकाखालच्या भोकात शिरून गडप होई. बाबा त्या भोकाला घसा म्हणत. ते पाणी जातं कुठे, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. ऑफिसातल्या केमिस्टला बरोबर घेऊन त्यांनी घशात रंग ओतला. बाटलीत तांबूस पूड, पाण्यात पडली की झगझगीत पोपटी. मग आसपासच्या प्रत्येक झऱ्यात आणि विहिरीत कोळशाच्या दाण्यांची एकेक जाळीदार पुडी टांगली. पाणी ज्या वाटेने बाहेर पडेल, तिथला कोळसा रंग धरून ठेवणार. एक पुडी मात्र पाण्याजवळ न्यायचीच नसते. ती कोरी राहिली, तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. ती पुडी बाबांनी धाकटीच्या दप्तरातल्या आतल्या कप्प्यात ठेवली. शाळेइतकी कोरडी जागा जगात नाही, असं बाबांनी केमिस्टला सांगितलं आणि दोघं खूप हसले होते.

पावसाळा सरला. झऱ्यांतल्या पुड्या एकजात कोऱ्या निघाल्या. दप्तरातली हिरवी निघाली.

"तू हात लावलास ना?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा."

"मग रंग आला कुठून?"

ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त सगळ्या पुड्या कचऱ्यात टाकल्या, कारण कोरी पुडी रंगली की चाचणी बाद. त्या दिवसानंतर धाकटी रडली नाही. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. पोर मोठी झाली, असं सगळे म्हणाले.

पुढे तीही एका प्रयोगशाळेत लागली. कोऱ्या नमुन्यात काही सापडलं, की सगळं फेकून पुन्हा सुरुवात करायची, हा तिचा रोजचा धंदा झाला.

बाबांची राख त्यांच्या इच्छेप्रमाणे घशात सोडली. दादा खडकावर पालथा झोपला आणि त्याने हात लांबवून भांडं रितं केलं. "पाणी कुठेतरी निघतंच," एवढं म्हणताना त्याचा आवाज फुटला. राखाडी रेघ काळोखात शिरली. धाकटी बाजूला उभी होती. तिला सॅकचा पट्टा काचत होता, तेवढंच जाणवलं.

त्यानंतर तिचे डोळे खुपायला लागले, वाळू गेल्यासारखे. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली, निळा दिवा लावला आणि त्या थांबल्या.

"आधी कुठे दाखवून आलात का?"

"नाही."

"डोळ्यात रंग आहे. आम्ही तपासायला घालतो ना, तोच. हिरवा चमकणारा."

"मला कुणीच काही घातलेलं नाही."

"मग बाहेर आमच्या नर्सने घातला असेल, तुम्ही विसरलात." बाई हसल्या. "आपोआप कसा येईल?"

धाकटीने हा खुलासा मान्य केला. बाहेर नर्स नव्हती. खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर स्वेटर अडकवलेला होता.

दुपारी ऑफिसच्या सभागृहात पंखे फिरत होते. टेबलावर बाबांचा फोटो होता, उन्हाने रापलेला, सॅकसकट. लोक बोलले. नदीत मासे परत आले ते कुणामुळे, वादळात तंबू उडाला तेव्हा कोण गात बसलं होतं. हशा झाला. आई पदराआड रडत होती. धाकटी पहिल्या रांगेत ताठ बसली होती.

शेवटी केमिस्टकाका उठले. आता तेही म्हातारे झाले होते.

"साहेबांची एकच चाचणी फसली," ते म्हणाले. "घशाची. दोष आला या पोरीवर." त्यांनी धाकटीकडे बोट केलं. लोक हसले.

काका हसले नाहीत.

"गेल्या वर्षी आम्ही दोघं पुन्हा तिथे जाऊन बसलो होतो. साहेब म्हणाले, माझी पोर खोटं बोलत नाही. तिने हात लावला नव्हता. त्या पुड्यांतली तेवढी एकच खरी होती, आणि मी ती टाकून दिली. मी म्हटलं, मग सांगा ना तिला तसं. म्हणाले, सांगतो. जमलं नसावं बहुतेक."

पंखे फिरत राहिले.

धाकटीच्या घशात काहीतरी हललं. डोळे आधी जळजळले, मग भरले. इतक्या वर्षांनी भरले. तिने पांढरा रुमाल डोळ्यांवर दाबून धरला.

आईचा हात तिच्या पाठीवर आला. "रड गं बाई," आई कुजबुजली. "रडलीस एकदाची."

रुमाल ओला झाला, गार पडला. डोंगरातल्या पाण्यासारखा गार.

तिने तो खाली घेतला.

खिडकीतलं ऊन थेट मांडीवर पडत होतं. रुमालावर दोन डाग होते. पोपटी, झगझगीत.

काका समोरून बघत होते.

तिने सवयीने रुमाल उजेडाकडे धरला, जसा नमुना धरतात. डोळ्यांतलं खुपणं थांबलं होतं.

हिरव्या डागांच्या मधोमध राखाडी, बारीक कण होते.